रस्ता मोकळा करणारा परमवीर : सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे



परमवीर चक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभं राहतं. हातात संगीन लावलेली बंदूक, तोंडी युद्धघोष, समोर शत्रूचा बंकर आणि त्यावर एकट्याने झेप घेणारा जवान. हे चित्र खोटं नाही. अशा अनेक वीरांना हे पदक मिळालं आहे आणि त्यांच्यापुढे आपण नतमस्तक आहोत.

पण आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते या चित्रात बसत नाहीत. त्यांच्या मानपत्रात शत्रूचे किती सैनिक मारले, याचा एकही आकडा नाही. त्यांनी बंदूक चालवल्याचा उल्लेखही नाही. मग त्यात आहे काय? झाडं तोडून आडवी टाकली होती, ती उडवली. सुरुंग पेरले होते, ते काढले. मोरी उद्ध्वस्त केली होती, तिथे वळणरस्ता केला. पुढे पुन्हा झाडं, पुन्हा सुरुंग. आणि या प्रत्येक कामापुढे घड्याळातली वेळ लिहिलेली आहे. वाचताना क्षणभर वाटतं, हे शौर्याचं मानपत्र आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याची कामाची नोंदवही?

म्हणूनच मी हा विषय निवडला. तरुण मुलं मला नेहमी विचारतात, "सर, त्यांनी किती शत्रू मारले?" या प्रश्नातच आपली एक समजूत दडलेली आहे. शौर्य म्हणजे मारणं. ही समजूत किती अपुरी आहे, हे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या चार दिवसांच्या कामातून दिसतं.

राजौरीला पोचणं का गरजेचं होतं?

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानने टोळीवाल्यांना पुढे करून जम्मू-काश्मीरवर हल्ला केला. २७ ऑक्टोबरला आपलं सैन्य विमानाने श्रीनगरला उतरलं. ही कथा बहुतेकांना माहीत असते. पण पीर पंजाल पर्वतरांगेच्या दक्षिणेला, म्हणजे मीरपूर, कोटली, झांगर, नौशेरा, राजौरी आणि पूंछ या पट्ट्यात काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या पट्ट्यातली परिस्थिती फार वाईट होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी शत्रूच्या हातात गेलं. तिथे आणि मीरपूरमध्ये मोठ्या प्रमाणावर नागरिकांची कत्तल झाली. २४ डिसेंबर १९४७ रोजी झांगर आपल्या हातून गेलं.

यानंतर पारडं हळूहळू फिरलं. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावर शत्रूने मोठा हल्ला केला. ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या नेतृत्वाखाली तो मोडून काढला गेला. त्याच दिवशी तैनधारच्या चौकीवर नायक जदुनाथ सिंग यांनी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. १८ मार्चला आपण झांगर परत घेतलं. आता पुढचं लक्ष्य होतं राजौरी.

राजौरी घेण्यामागे दोन कारणं होती. पहिलं कारण माणुसकीचं. तिथे अडकलेले लोक जिवंत राहतील की नाही, हे आपण किती लवकर पोचतो यावर अवलंबून होतं. दुसरं कारण लष्करी. पूंछ शहराला शत्रूने वेढा घातला होता आणि तिथपर्यंत जमिनीवरून पोचायचं तर राजौरीसारखा तळ हाताशी असणं आवश्यक होतं. नोव्हेंबर १९४८ मध्ये पूंछचा वेढा उठला, तो राजौरीकडून पुढे गेलेल्या सैन्यानेच उठवला. एप्रिलमध्ये राजौरी हाती आलं नसतं, तर नोव्हेंबरमधली ती मोहीम कुठून सुरू झाली असती, याचा विचार करा.

नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता जुन्या मोगल मार्गावरचा. काश्मीरला जाताना मोगल बादशहा याच वाटेने जात. वाटेवर चिंगस नावाचं ठिकाण लागतं, तिथे मोगल काळातली सराई आहे. जहांगीर बादशहा १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना वारला, तेव्हा त्याची आतडी इथे पुरली आणि देह लाहोरला नेला, असं सांगतात. त्या गावाचं नावही त्यावरूनच पडलं, अशी समजूत आहे. तर या चिंगसपर्यंत रणगाडे न्यायचे आणि तिथून राजौरी गाठायचं, अशी ही योजना होती. पायदळात ४ डोगरा बटालियन होती आणि सोबत सेंट्रल इंडिया हॉर्स या रेजिमेंटचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे.

रणगाडा कितीही ताकदवान असला तरी डोंगराळ भागात तो रस्त्याचा गुलाम असतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. रस्ता बंद झाला की रणगाडा म्हणजे वाटेत उभा राहिलेला लोखंडाचा ढीग. त्याच्या मागे तोफा, दारूगोळा, शिधा, रुग्णवाहिका, सगळं अडकतं. शत्रूला हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने आपली सगळी अक्कल रस्ता बंद करण्यात खर्च केली होती.

कोण होते हे राणे?

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. घराणं कारवारजवळच्या चेंडिया गावचं. आज तो भाग कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात येतो, त्या काळी मुंबई इलाख्यात होता. वडील पोलीस खात्यात. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाची शाळा बदलत राहिली. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १० जुलै १९४० रोजी, ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले. म्हणजे आजचे बॉम्बे सॅपर्स. त्यांचं मुख्यालय पुण्यात खडकीला आहे, हे बहुतेक मराठी माणसांना माहीत असेल. प्रशिक्षणात ते सर्वोत्तम रिक्रूट ठरले आणि कमांडंटची छडी त्यांना बक्षीस मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात ते २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. आराकानमधून माघार घेताना बुथिडाँग इथे काही महत्त्वाची साधनसामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून नष्ट करायची होती. त्यासाठी मागे ठेवलेल्या तुकड्यांची जबाबदारी राण्यांवर होती. काम झाल्यावर नौदलाच्या जहाजाने त्यांना उचलायचं ठरलं होतं, ते जमलं नाही. जपानी गस्त चुकवत, नदी ओलांडून त्यांनी आपली माणसं डिव्हिजनपर्यंत परत आणली. त्याबद्दल त्यांना हवालदार म्हणून बढती मिळाली. पुढे ते जमादार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट.

ही तारीख लक्षात ठेवा. ८ एप्रिल १९४८ ला त्यांना अधिकारी होऊन चार महिनेही झाले नव्हते. पण खांद्यावर एकच तारा असला तरी मागे जवळजवळ आठ वर्षांचं सैनिकी आयुष्य होतं. सेकंड लेफ्टनंट म्हटलं की आपल्याला अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला विशीतला मुलगा आठवतो. राणे तसे नव्हते. ते एकोणतीस वर्षांचे, खालच्या पायरीपासून वर आलेले, हाताने काम केलेले सॅपर होते. पुढच्या चार दिवसांत याच गोष्टीने फरक पाडला, असं माझं मत आहे. सुरुंग कसा काढायचा, हे त्यांना फक्त आदेश देण्यापुरतं माहीत नव्हतं. ते काम त्यांच्या बोटांना माहीत होतं.

रस्ता बंद करण्याचं शास्त्र

आता थोडं तांत्रिक सांगतो. ते समजल्याशिवाय राण्यांनी काय केलं, हे कळणार नाही.

लष्करात एक जुना नियम शिकवतात. ज्या अडथळ्यावर कोणाची बंदूक रोखलेली नाही, तो अडथळाच नव्हे. रस्त्यावर नुसतं झाड पाडलं तर दहा माणसं येऊन ते बाजूला करतील. पण त्या झाडावर समोरच्या टेकडीवरून मशीनगन रोखलेली असेल, तर झाडाला हात लावणारा प्रत्येक माणूस नेमबाजीच्या फळीवरच्या चित्रासारखा दिसतो. त्यात झाडाभोवती सुरुंग पेरले, तर झाडापर्यंत पळत जाणंही अशक्य होतं. वाकून, पोटावर सरपटत, इंच इंच जमीन तपासत जावं लागतं. म्हणजे शत्रूने तुम्हाला एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी करायला भाग पाडलं. सुरुंगामुळे सावकाश जा आणि गोळीमुळे लवकर जा. ही कोंडी म्हणजेच खरा अडथळा.

सुरुंग काढायची मूळ पद्धत साधी आहे. पोटावर झोपायचं. संगीन किंवा टोकदार सळई तिरपी धरून मातीत हलकेच खुपसायची. सरळ उभी खुपसली तर दाब सुरुंगाच्या डोक्यावर पडतो, म्हणून तिरपी. काही कठीण लागलं तर आजूबाजूची माती बोटांनी दूर करायची. खाली किंवा बाजूला दुसरा सापळा लावलेला नाही ना, हे पाहायचं. मग तो निकामी करायचा किंवा लांबून उडवून द्यायचा. पुढच्या वीतभर जमिनीसाठी पुन्हा तेच. यात हात थरथरून चालत नाही. ज्या माणसावर गोळ्या झाडल्या जात आहेत, त्याने हात स्थिर ठेवायचा आहे.

पायदळाच्या जवानाकडे गोळीबाराला उत्तर म्हणून गोळीबार तरी असतो. रागाला वाट मिळते. सॅपरचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. त्याने उत्तर द्यायचं ते फक्त काम चालू ठेवून.

चार दिवस

आता तो घटनाक्रम पाहू. मी तो मानपत्रात नोंदलेल्या वेळांनुसारच सांगतो.

८ एप्रिल. नौशेरा-राजौरी रस्त्यावर सव्विसाव्या मैलाजवळ सुरुंग आणि अडथळे काढणाऱ्या तुकडीची जबाबदारी राण्यांकडे होती. सकाळी ११ वाजता नादपूर दक्षिण इथे ते आणि त्यांची माणसं रणगाड्यांजवळ काम सुरू होण्याची वाट पाहत होती. तेवढ्यात शत्रूने उखळी तोफांचा जोरदार मारा सुरू केला. राण्यांच्या तुकडीतले दोन जण जागीच ठार झाले आणि पाच जखमी. त्या पाच जखमींमध्ये राणे स्वतः होते. काम अजून सुरूही झालं नव्हतं.

अशा वेळी जखमी अधिकारी मागे गेला असता तर कोणी एक शब्द बोललं नसतं. राण्यांनी तुकडीची तिथेच पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केलं. दिवसभर ते रणगाड्यांच्या आसपास, मशीनगन आणि उखळी तोफांच्या माऱ्यात होते. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी आपल्या ताब्यात आली. परिसर शत्रूपासून पूर्ण साफ झालेला नव्हता आणि हे राण्यांना माहीत होतं. तरी ते आपली माणसं पुढे घेऊन गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता करायला घेतला. शत्रूला दिसत असताना, त्याच्या माऱ्यात, रात्री १० वाजेपर्यंत.

९ एप्रिल. सकाळी ६ वाजता काम सुरू. दुपारी ३ वाजता वळणरस्ता तयार. रणगाड्यांचा ताफा निघाला आणि राणे सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये बसले. अर्धा मैल गेल्यावर चिडाची झाडं आडवी टाकलेली. खाली उतरून ती स्फोटकांनी उडवली. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. संध्याकाळचे ५ वाजत आले होते. रस्ता डोंगराला सापासारखा विळखा घालून जाणारा. पुढे एक मोरी उडवून दिलेली. काम सुरू करण्याआधीच मशीनगन सुरू झाल्या. तिथेही वळणरस्ता काढला. सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच मोठ्या चिडांचा अडथळा आला. भोवती सुरुंग, वर मशीनगनचा पहारा. राण्यांनी सुरुंग काढायला सुरुवातही केली. पण ताफ्याच्या कमांडरने परिस्थिती ओळखून रणगाडे रात्रीपुरते सुरक्षित जागी थांबवले.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच अडथळ्यावर. सोबत रणगाड्यांची एक तुकडी आधाराला. साडेसहापर्यंत अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि उडवून दिलेल्या बांधांची रांगच होती, आणि सगळ्यावर मशीनगनचा मारा. साडेदहापर्यंत तोही रस्ता मोकळा. रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ वाजता चिंगसला पोचले. ही तावी म्हणजे मनावर तावी. जम्मू शहराजवळून वाहणारी तावी वेगळी.

रणगाडे पोचले, म्हणजे काम संपलं असं कोणीही म्हटलं असतं. राण्यांनी तसं म्हटलं नाही. मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्या नदीच्या पात्रातून जाऊ शकत नव्हत्या, त्यांना रस्ताच हवा होता. आणि इंधन व दारूगोळ्याशिवाय पुढे गेलेले रणगाडे किती वेळ टिकणार? ते रात्री ९ वाजेपर्यंत राबत राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही.

११ एप्रिल. सकाळी ६ ला सुरुवात. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्यानंतर पुढचा रस्ता साफ करण्याचं काम रात्री १० पर्यंत.

दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, आपलं सैन्य राजौरीत पोचलं. जे लोक तोवर जिवंत राहिले होते, त्यांची सुटका झाली. राजौरीत आजही १३ एप्रिलला राजौरी दिन पाळतात.

आता या वेळांची बेरीज करा. पहिल्या दिवशी अकरा तास, दुसऱ्या दिवशी बारा तासांहून थोडे जास्त, तिसऱ्या दिवशी सव्वासोळा, चौथ्या दिवशी सोळा. चार दिवसांत पंचावन्न तास. पहिल्याच तासात जखमी झालेला माणूस उरलेले चोपन्न तास कामावर होता. मानपत्रात प्रत्येक कामापुढे वेळ का लिहिली आहे, हे आता लक्षात येईल. त्यातलं शौर्य मोजायचं ते तासांतच.

राण्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली जाते. सुरुंगक्षेत्रातून रणगाडा नेताना ते त्याच्या खालून सरपटत गेले आणि दोऱ्या ओढून चालकाला थांब, चल अशा खुणा देत राहिले. सॅपर्समध्ये ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. पण मानपत्रात ती नाही. मला वाटतं, तिच्याशिवायही मानपत्र पुरेसं आहे. जे नोंदलं गेलं आहे, तेच आपण नीट वाचत नाही, ही खरी अडचण आहे.

थांबण्याचा निर्णय

९ तारखेच्या संध्याकाळकडे मला पुन्हा एकदा यायचं आहे. राणे थांबायला तयार नव्हते. कमांडरने ताफा थांबवला. या दोघांपैकी बरोबर कोण?

माझं उत्तर आहे, दोघंही. अंधारात सुरुंग काढणं म्हणजे आंधळेपणाने हात घालणं. शिवाय अंधारात रणगाडा जवळजवळ काहीच पाहू शकत नाही आणि शत्रूचं पायदळ त्याच्या जवळ येऊ शकतं. त्या अरुंद रस्त्यावर पुढचा एक रणगाडा गेला असता, तर मागचे सगळे अडकले असते आणि एकुलत्या एका रस्त्यावर आपणच अडथळा निर्माण केला असता. कमांडरने एक रात्र गमावली आणि मोहीम वाचवली.

पण पहाटे पावणेपाचला तोच माणूस त्याच झाडांपाशी हजर होता, हेही तितकंच महत्त्वाचं. रात्रभर त्याला माहीत होतं की सकाळी कुठे जायचं आहे. चढाईच्या भरात माणूस भीती विसरतो. रात्रभर विचार करायला वेळ मिळाल्यावर पहाटे उठून त्याच जागी जाणं, ही फार वेगळी गोष्ट आहे. शौर्याला डोकं लागतं आणि डोक्याला शौर्य लागतं. सैन्यात दोन्ही एकाच माणसात असलीच पाहिजेत असं नाही, पण दोन्ही एकाच तुकडीत असावी लागतात.

भगत आणि राणे

बॉम्बे सॅपर्सच्या इतिहासात राण्यांच्या आधी अशीच एक कामगिरी झालेली आहे. १९४१ चा प्रारंभ. ठिकाण अ‍ॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याने रस्त्यावर जागोजागी सुरुंग पेरले होते. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत हे सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये बसून चार दिवस रस्ता मोकळा करत गेले. पंचावन्न मैल, पंधरा सुरुंगक्षेत्रं. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर जाऊन उडाली. स्फोटाने कानाचा पडदा फाटला. त्यांना बदली माणूस देऊ केला, तेव्हा त्यांनी नकार दिला. कारण काय दिलं? आता या कामाचा अनुभव मला सर्वांत जास्त आहे, तेव्हा शेवटपर्यंत मीच ते करणं योग्य. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.

दोघांमधलं साम्य पाहा. दोघेही सेकंड लेफ्टनंट, दोघेही पुढच्या कॅरिअरमध्ये, दोघांचेही चार दिवस, दोघेही जखमी. भगत यांचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यात कुठेही मोठे शब्द नाहीत. मी शूर आहे म्हणून थांबतो, असं ते म्हणत नाहीत. हे काम मला जास्त येतं म्हणून थांबतो, एवढंच. माझ्या तीन दशकांच्या नोकरीत मी जे धाडसी जवान पाहिले, त्यांतले बहुतेक असेच बोलणारे होते. धैर्याचा मोठा भाग कामाच्या सरावातून येतो. ज्याला काम नीट येतं, त्याच्याकडे घाबरायला कमी वेळ असतो.

पदक आणि त्यामागची माणसं

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आलं. त्यामुळे १९४७-४८ च्या युद्धातल्या वीरांचा त्यात समावेश झाला. त्या युद्धातले पाच परमवीर म्हणजे मेजर सोमनाथ शर्मा, नायक जदुनाथ सिंग, सेकंड लेफ्टनंट राणे, कंपनी हवालदार मेजर पिरू सिंग आणि लान्स नायक करम सिंग. शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग यांना ते मरणोत्तर मिळालं. राणे आणि करम सिंग जिवंत परतले.

पदकाची रचना केली सावित्री खानोलकर यांनी. त्या जन्माने युरोपियन, स्वित्झर्लंडच्या. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या, संस्कृत आणि पुराणं शिकल्या. कांस्य धातूच्या या पदकावर मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं आहेत. ज्या दधीची ऋषींच्या अस्थींपासून वज्र घडलं, त्यांनी स्वतः कोणालाही मारलं नव्हतं. त्यांनी आपलं शरीर कामी दिलं होतं. राण्यांच्या छातीवर ते वज्र शोभून दिसतं ते यामुळे.

आजवर एकवीस जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यांपैकी चौदा मरणोत्तर. कोअर ऑफ इंजिनिअर्सचे राणे हे एकटेच. याचा अर्थ इंजिनिअर्स कमी शूर आहेत, असा नाही. अर्थ असा की त्यांचं शौर्य दिसायला कठीण असतं. बंकर पडला, टेकडी आली, हे सगळ्यांना दिसतं. सुरुंग फुटला नाही, हे कोणाला दिसणार? सॅपरचं यश म्हणजे जे घडलं नाही ते. राण्यांच्या वरिष्ठांनी आणि साक्षीदारांनी तासन्‌तास काय चाललं आहे ते पाहिलं, नोंदवलं आणि शिफारस योग्य शब्दांत वर पाठवली. म्हणून ते शौर्य आज आपल्यापर्यंत पोचलं. इथे माझ्या तरुण अधिकारी मित्रांना एक सांगणं आहे. तुमच्या जवानाचं शौर्य कागदावर नीट उतरवणं, हेही नेतृत्वाचंच काम आहे. आळसाने लिहिलेल्या अहवालात चांगला जवान हरवून जातो.

आणखी एक गोष्ट. मानपत्रात ठार झालेल्या त्या दोन सॅपर्सची नावं नाहीत. मानपत्र एकाचंच असतं, तो त्याचा नियम आहे. पण ती झाडं राण्यांनी एकट्याने हलवली नाहीत. दोन साथीदार डोळ्यांदेखत गेल्यावर उरलेली माणसं त्यांच्यामागे चार दिवस का गेली? कारण त्यांचा अधिकारी स्वतः पुढच्या गाडीत बसत होता आणि स्वतः खाली उतरत होता. पदक एकाच्या छातीवर लागलं, पण ते त्या संपूर्ण तुकडीचं होतं, असंच आपण समजलं पाहिजे.

आज काय करायचं?

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. कारकिर्दीत पाच वेळा त्यांचा युद्धवृत्तांत गौरवपूर्ण उल्लेख झाला होता. ११ जुलै १९९४ रोजी त्यांचं निधन झालं. कारवारला रवींद्रनाथ टागोर समुद्रकिनाऱ्यावर, आयएनएस चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. गोव्याला फिरायला जाणारी मराठी कुटुंबं पुढे कारवारपर्यंत सहज जातात. त्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन गेलात तर पुतळ्यापाशी पाच मिनिटं थांबा आणि या चार दिवसांची गोष्ट त्यांना सांगा. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं देण्यात आली, त्यांत राण्यांचंही नाव आहे.

नौशेरा-राजौरी रस्ता आज जम्मू-पूंछ राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. त्यावरून बस जातात, शाळेची मुलं जातात, सफरचंदांचे आणि लाकडाचे ट्रक जातात. त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल की या वळणांवर एक जखमी माणूस चार दिवस पोटावर झोपून माती चाचपत होता. रस्ता चालू आहे, हीच त्याच्या कामाची पावती.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला विचारलं की एखाद्या वीराने किती शत्रू मारले, तर त्याला उलट विचारा, त्याने किती लोकांसाठी वाट मोकळी केली? देशाला दोन्ही प्रकारचे वीर लागतात. दुसऱ्या प्रकारचे वीर तुमच्या आजूबाजूलाही असतील, गणवेशात आणि गणवेशाबाहेर. त्यांना ओळखायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नमस्कार.

जय हिंद!